खुनी कोण, ते सांग

कॅनडातल्या सास्काटूनच्या हॉस्पिटलात, ऑपरेशनआधी थांबायच्या खोलीत माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"त्या प्रेमकथेला मी रडलो, हे कुणाला सांगू नकोस, डार्लीन."

"तू तर पाककृतींच्या पुस्तकालाही रडला होतास, ओरेस्ट."

"त्यात आईच्या हातची पिरोगी होती. भुतांच्या गोष्टींना मात्र हसलो."

"आणि महिनाभर दिवा लावून झोपलास!"

"बरं, ही रहस्यकथा थोडीशीच उरलीय. तुझी वाचून झालीय ना? खुनी कोण, सांगून टाक."

"नाही सांगणार."

"अगं, हृदयाचं ऑपरेशन आहे. बाहेर आलोच नाही तर?"

"म्हणूनच नाही सांगणार."

नर्सने त्याचं नाव पुकारलं. त्याने उघडं पुस्तक तिच्या हातात दिलं.

"पान दुमडू नकोस. बोट घालून बस, मी आलोच."