दोन चमचे काल्वा

नाही, पण मी म्हणते, केकच करायचा होता ना? सफरचंदाचा साधा केक! त्यासाठी माणसाने किती घाम गाळायचा? मी मार्सेयची, ऑलिव्हच्या तेलात वाढलेली बाई. लग्न करून इकडे नॉर्मंडीत यायला निघाले तेव्हा आमची आई म्हणाली, "मिरेय, तिकडे पाऊस फार हं." अहो, पावसाचं काय घेऊन बसलात! काल्वाचं कोण सांगणार? काल्वा म्हणजे इथली सफरचंदाची ब्रँडी. घरात पाणी नसलं तर चालेल, पण काल्वा हवी, आणि तीही आपल्याच बागेतली!

तर तुम्हाला सांगते, सफरचंदं उतरवून झाली की रविवारी आमच्याकडे सगळ्यांचं जेवण, आणि शेवटी सासूबाईंचा केक. यंदा नेमक्या त्या बागेत घसरल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाल्या, "सूनबाई, या वर्षी तू कर." करते की! पण केकमध्ये घालायची दोन चमचे काल्वा... आणि ती कुणाची? सगळी मेख तिथेच!

मला चुलतसासरे दोन, ऑक्ताव काका आणि फिर्मँ काका. त्यांचे वडील गेले, टेकडीवरची बाग एकाला मिळाली, ओढ्याकाठची दुसऱ्याला, आणि वडिलांच्या काल्वाची खरी चव कुणाच्या सफरचंदांत उतरली यावरून दोघांनी जो अबोला धरलाय, तो माझ्या लग्नाच्याही आधीपासून! एका टेबलाशी बसतात ते वर्षातून एकदा, या केकसाठी. आणि बसतात तरी कसे? "आन्सेल्म, तुझ्या काकांना म्हणावं, मीठ इकडे करा." "आन्सेल्म, तुझ्या काकांना म्हणावं, देवाने हात दिलेत की!" आन्सेल्म म्हणजे माझा नवरा, बिचारा मध्ये बसून नुसतं टपालखातं झालाय. आता एकाची ब्रँडी घातली आणि दुसऱ्याला कळलं, तर तो उठून जाणार, आणि पुन्हा काही यायचा नाही. सासूबाईंचा तर सगळा जीव या एका जेवणात. कशापायी? दोन चमच्यांपायी!

मी सासूबाईंना विचारलं, "आई, इतकी वर्षं तुम्ही कुणाची घालत होता?"

"लोणी घाल."

"घातलं आई, पण काल्वा कुणाची..."

"अजून घाल."

घ्या! एवढ्यात पुढच्या दारातून ऑक्ताव काका हजर. बाटली कोटात, जशी काही चोरून आणलीय! "सूनबाई, ही टेकडीवरची. त्या ओढ्याकाठच्या फळांना नुसता चिखलाचा वास! ओत माझ्यासमोर." ओतले दोन चमचे. म्हटलं, सुटले एकदाची. सुटते कसली! ते पुढून बाहेर पडताहेत तोच मागच्या दारातून फिर्मँ काका आत! "पोरी, टेकडीवरची फळं म्हणजे वारा खाऊन खाऊन निबर झालेली. ही घे, ओत." आता नाही कशी म्हणू? चार चमचे झाले! पीठ झालं पातळ, म्हणून मैदा घातला, मैदा जास्त झाला म्हणून अंडी, अंडी घातली म्हणून आणखी सफरचंदं, आणि खुर्चीतून सासूबाई, "लोणी!" केक भांड्यात मावेना हो! आणि कशापायी? दोन चमच्यांपायी!

रविवारी केक टेबलावर आला. दोघांनी एकदमच घास घेतला. मग ऑक्ताव काका म्हणाले, "आन्सेल्म, तुझ्या काकांना म्हणावं, याला म्हणतात केक." आणि फिर्मँ काका, "म्हणावं, कुणामुळे ते खाणाऱ्याला कळतंय." दोघांचे चेहरे कसे फुललेले! दोघांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा! मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

भांडी विसळत होते, तर ऑक्ताव काका हळूच शेजारी येऊन म्हणतात, "त्याचीही घातलीस ना?" माझ्या हातातली बशी सुटली! "घाबरू नकोस गं. तुझी सासूही तेच करते. आमच्या बाबांची काल्वा अशीच लागायची, दोन्ही बागांची मिळून. पण त्याला बोलू नकोस हं. त्याला वाटेल, मी नमलो." डोळे पुसत गेले हो! मी कचरा टाकायला मागच्या अंगणात गेले, तर तिथे फिर्मँ काका. "ऑक्तावचीही घातलीस ना?" पुढचं काही सांगत नाही, शब्दन् शब्द तोच, डोळे पुसण्यासकट!

मी धावत आत. "आई, दोघांनाही ठाऊक आहे! आता बोलतील ना एकमेकांशी?"

"बोलायला लागले तर रोजच भेटतील," सासूबाई म्हणाल्या, "मग माझ्याकडे कशाला येतील? राहू दे तसंच."

"बरं. आणि केक कसा झाला होता, आई?"

त्यांनी शेवटचा तुकडा डाव्या हाताने तोंडात टाकला, चांगला चावून चावून खाल्ला, आणि म्हणाल्या, "लोणी कमी पडलं."