बारा कांद्यांचा आदर्श पाठ

नाही, मला एक सांगा, वर्ध्याला शिकून आलेल्या मुलीनं 'गटसंमेलन' म्हटल्यावर काय समजावं? मी समजले, दहा गावचे गुरुजी महिन्यातून एकदा एका शाळेत जमणार, एकानं आदर्श पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, वाद, नवे विचार... आणि निघालं काय? येवल्याकडच्या आमच्या गावात सायकलवरून उतरता उतरता, घाम पुसायच्याही आधी, प्रत्येक गुरुजींचा एकच प्रश्न, "काय बाई, गोड काय?"

तुटून पडायचे हो! पण पंगतीत!

तर त्र्याऐंशी साली संमेलन आलं आमच्या शाळेत, पाठ आला माझ्याकडे आणि बघायला साक्षात विस्तार अधिकारी! म्हटलं, आता दाखवतेच खरं शिक्षण म्हणजे काय! आमचे मुख्याध्यापक धोंडीराम गुरुजी समजावायला लागले, "बाई, पाण्याची रूपं घ्या. आपल्याकडं दरवर्षी तोच असतोय. बर्फ, पाणी, वाफ. पोरांचं पाठ हाय, सायबांचं बी पाठ हाय. कुणालाच तरास नाय." मी ताडकन म्हटलं, "गुरुजी, मी न घोकलेला पाठ घेणार. भागाकार! खरे कांदे समोर ठेवून!" ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघावं तसं गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बरं... मग गोड काय?"

गोड होते पुरणाचे मांडे. पाठाच्या दिवशी स्वयंपाकाला बोलावलेली लंकाबाई खिडकीखालीच खापरावर मांडे भाजत होती, त्यामुळे खुर्च्यांवरच्या सगळ्या गुरुजींच्या माना खिडकीकडे. साहेबांची तर खुर्चीसुद्धा! मी टोपलीतून बारा कांदे काढले, तरटावर मांडले. "बारा कांदे, तीन घरं, सारखे वाटायचे. एका घरी किती?" आणि काय सांगू, सगळ्या वर्गाचे हात वर! माझा ऊर भरून आला हो. "सांग, मल्हारी."

"बर्फ!"

"अं...? अरे, नीट बघ. कांदे..."

"बाई मी, बाई मी! पाणी!"

आणि तिसरं उत्तर मी विचारलंसुद्धा नाही, अख्खी चौथी उभी राहून एका सुरात, "वाफ!"

धरणीमाते, पोटात घे! पण साहेब? साहेब टाळ्या वाजवतायत! "वा! प्रश्न संपायच्या आत उत्तर! काय तयारी!" मागून एक गुरुजी दुसऱ्याला सांगतायत, "कांद्यात पाणी असतंच की. एका विषयात दुसरा गुंफायचा, यालाच वर्ध्याची समवाय पद्धत म्हणतात." दुसरे म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या, दूध घेतलंय का मांड्यासंगं?"

बरं, एवढ्यावर तरी थांबावं? पंगतीत साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला तालुक्याची मार्गदर्शक करतो. गावोगाव हाच पाठ दाखवा, पुढं नाशिकच्या प्रशिक्षण विद्यालयात घेऊ. उद्या होकार कळवा." हाच पाठ! तालुकाभर कांद्याची वाफ! पण खोटं कशाला बोलू, मन पाघळलं. मार्गदर्शक झाले तर तालुक्यातल्या शाळा बदलता येतील, नाशिकला गेले तर जिल्हाभरच्या... नोकरीला वर्ष नाही झालं आणि ही बढती! कोण सोडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी होकार द्यायचा म्हणूनच शाळेत गेले. दारात साळू झाडत होती, माझ्या वर्गातली. सहज विचारलं, "साळू, बारा कांदे, तीन घरी?"

"चार," मान वर न करता.

"अगं मग काल बर्फ काय, वाफ काय?"

"काल पाव्हणे व्हते ना, बाई!" माझ्या अडाणीपणाची तिला कीव आली. "पाव्हण्यांपुढं त्येंला पाह्यजे तेच बोलायचं असतंय."

"आणि रोज मला देता ती उत्तरं?"

झाडू थांबला. साळूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "तुमी बी नव्याच हाय ना अजून..."

ऐकलंत? इतके महिने मी ज्याला शिकवणं समजत होते, तो माझा पाहुणचार चालला होता!

तडक गुरुजींकडे गेले. "साहेबांना नकार कळवा. मी चौथीतच राहते." गुरुजी कळवळले, "अवो, नाशिक चाललंय हातचं! किती दिवस ऱ्हाणार?" म्हटलं, "पोरं मला तोंडावर 'समजलं नाय' म्हणेपर्यंत."

काय करता? अख्खा तालुका पास करत होता, तरी स्वतःहून चौथीत नापास होऊन बसलेली बाई मीच!