एकशे सतरा नंबरचा गहू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व आपल्या गहू संशोधन केंद्राचे प्रमुख आदरणीय आप्पासाहेब, बावड्याहून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे संभाजीराव, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर रणजितराव मारकड, माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या, पण ज्यांच्याशिवाय इथं एकही दाणा मातीत पडत नाही त्या फुलाबाई,

मी नागेश खारतोडे. चौदा वर्षं रणजितरावांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय. ते आता मोठ्या केंद्राचे प्रमुख म्हणून चालले आहेत. मी त्याच टेबलावर आहे. ‘चार शब्द चांगले बोला,’ असं संयोजकांनी बजावलंय. चारच ना? बोलतो.

रणजितराव हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि पन्नाशीला टेकले तरी डोक्यावरचे केस शाबूत आहेत. माझं डोकं बघा. हसा, हसा, मोकळेपणानं हसा! पण केसांचं दुःख मला नाही. माझं दुःख गव्हाचं आहे.

मघाशी संभाजीराव म्हणाले, ‘आमच्याकडं दुसरा गहूच कोण पेरत न्हाय, समदा रणजित हाय.’ बघा, सरकारी कागदावर त्या वाणाला नंबर आहे, पण इंदापूर तालुक्यात त्याला यांच्या नावानं हाक मारतात. माझा सख्खा भाऊ कळसहून पोतं पाठवतो आणि निरोप देतो, ‘दादा, रणजित धाडलाय.’ आमच्या सौभाग्यवती जयवंताबाई रोज ऐकवतात, ‘रणजितची चपाती संध्याकाळपर्यंत मऊ राहते हो!’ आता सांगा, मी जेवावं कसं?

कारण तो गहू मूळचा माझा आहे. त्याचा संकर मी केला. चिमटा घेऊन, डोळे फोडून, एकेका फुलातले परागकोश मी काढले. ओळ नंबर एकशे सतरा.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. गव्हाच्या पानावर विटकरी पूड धरते, तो तांबेरा. ती बुरशी. तिला अडवायचे दोन मार्ग. एक म्हणजे एकच जबरदस्त जनुक. रोपापासून कापणीपर्यंत पान स्वच्छ, एक ठिपका नाही. मी त्याचा भक्त. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार दुबळी जनुकं. एकेकट्यानं त्यांच्यात दम नाही, रोपावर तर तांबेरा सरळ येतो. पण झाड वाढलं की ती एकत्र जोर धरतात, रोग रेंगाळतो, आणि तोवर दाणा भरून जातो. रणजितराव या दुबळ्यांचे कैवारी. त्यावरून आमची रोज खडाजंगी व्हायची.

एक्क्याण्णव साली एकशे सतराच्या रोपांवर तांबेरा दिसला. माझं डोकं फिरलं. तिच्या बियाण्याच्या पुडीवर मी लाल पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, ‘टाका.’ म्हणजे काय? फेकून द्या! पण ती पुडी पेरणीच्या पुड्यांत गेली, आणि फुलाबाईंनी वाचलं, ‘टाका.’ म्हणजे काय? बी टाका! त्यांनी बांधाच्या कडेला टाकलं.

त्याच हंगामात बुरशीची नवी जात आली. माझ्या स्वच्छ पानांच्या ओळी, एका जनुकावर उभ्या होत्या त्या, पंधरा दिवसांत लाल झाल्या. शेतात चालून आलं की पँट विटकरी व्हायची. हिरवी राहिली ती फक्त बांधाकडची ओळ. रणजितरावांनी फुलाबाईंना विचारलं, ही कुणाची? त्या म्हणाल्या, ‘नागेशसायबांची. त्यांनीच लिवलं व्हतं न्हवं, टाका म्हून!’

मग हे माझ्याकडं आले. ‘नागेशराव, एकशे सतरा तुम्ही टाकलीत?’ मी मान वर न करता म्हटलं, ‘टाकली की, पेरणीच्या आधीच.’ ‘मग मी घेऊ?’ ‘खुशाल घ्या.’ झालं! एका शब्दावर माझा गहू गेला.

इथवरची गोष्ट मी कँटीनमध्ये शंभर वेळा सांगितली आहे. तुम्हाला पाठ असेल. पुढची कधी सांगितली नाही.

पंच्याण्णव साली वाणाचा प्रस्ताव घेऊन रणजितराव माझ्याकडं आले. त्यावर दोन नावं होती, पहिलं माझं. मी म्हटलं, ‘तांबेरा येणाऱ्या गव्हाला माझं नाव नको,’ आणि माझ्याच हातानं खोडलं. त्यांनी तीनदा विनवलं. माझी मिजास उतरेना. पुढं वाण गाजला, आणि माझी झोप उडाली. सत्त्याण्णव साली वरच्या कार्यालयात एक निनावी अर्ज गेला, की मारकडांनी सहकाऱ्याचं बियाणं चोरलं. यांची बढती दीड वर्ष अडकली. दोष काहीच नव्हता, तरी अडकली.

चौकशीला आप्पासाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. तो कागद यांच्यापुढं ठेवला. ‘अक्षर ओळखता?’ अहो, बारा वर्षं आम्ही दोघं एकाच नोंदवहीत लिहीत होतो! माझा वाकडा ‘ळ’ यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता. यांनी कागद सावकाश वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘नाही साहेब, ओळखत नाही.’ बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘चला, चहा घेऊ.’ मी चहा घेतला. पैसेही यांनीच दिले.

आप्पासाहेब, तो अर्ज माझा होता. फाईल अजून जपली असेल तर उद्या सकाळी येऊन मी खाली सही करतो.

रणजितराव, गव्हाचा हेवा कदाचित ओसरेल. पण तुमच्या जागी मी असतो, तर भर कचेरीत ओरडून नाव सांगितलं असतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत, याचा हेवा मला गव्हापेक्षा जास्त वाटतो. जळतो मी तुमच्यावर. आजही जळतो.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचा आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. त्या अर्जाची माफी मात्र मी एकट्या रणजितरावांकडं मागतो. आणि हात जोडून विनंती करतो, की यावेळी तरी त्यांनी ती लगेच देऊन टाकू नये.