ते तेल येतंय कुठून?

...आणि वरून लोक मलाच विचारतात, ‘बद्रीनाथभाऊ, कंपनीत बावीस वर्षं हायड्रॉलिक प्रेस सांभाळला तुम्ही, अन् घरच्या ट्रॅक्टरची गळती सापडंना व्हय?’ तुम्हाला सांगतो, प्रेस एका जागी उभा असतो, त्याला कोणी नांगर लावत नाय, त्याच्यावर पोतं टाकून बसत नाय, आणि मुख्य म्हणजे तो द्वारकाबाईच्या अंगणात नसतो.

द्वारकाबाई म्हणजे आमची मंडळी. आणि अंगण म्हणजे... पडेगावच्या पुढं रस्त्याला लागून आमचं घर, तिथं ह्या दिवाळीत तिनं सिमेंटचे रंगीत गट्टू बसवून घेतले. एक लाल, एक पिवळा, एक लाल, एक पिवळा. मिस्तरीनं चुकून दोन लाल शेजारी बसवले तर तेवढे उखडायला लावले. आणि त्या गट्टूंवर आमचं ट्रॅक्टर उभं. एकतीस वर्षांचं. चावी फिरवली की एका झटक्यात उठतं, कधी नाय म्हणलं नाय. पण पंधरा दिवस झाले, सीटच्या मागं तो नांगर उचलायचा लिफ्टचा डबा असतो ना, ज्याच्यात सगळा कारभार तेलाच्या जोरावर चालतो, तिथून तेल ठिपकायला लागलं. सकाळी बघावं तर पिवळ्या गट्टूवर हा एवढा काळा डाग. ट्रॅक्टर सरकवलं की लाल गट्टूवर. द्वारकाबाई बाहेर आली, डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘अहो, रविवारपर्यंत एक तर गळती जाईल, नायतर ट्रॅक्टर जाईल. वैजापूरच्या रामहरी पाटलांना बघायला बोलावलंय मी.’

बोलावलंय म्हणे. म्हणजे बोलावून झाल्यावर मला सांगितलं. अहो, माझं सगळं वावर त्या ट्रॅक्टरनं उभं केलंय, सकाळी त्याचा आवाज ऐकल्याबिगर मला चहा गोड लागत नाय, ते मी विकू? पण विकायचं नसंल तर आधी हे कळायला पायजे ना, की ते तेल येतंय कुठून?

शेजारचा कडूबा आला. कडूबाकडं ट्रॅक्टर नाय, मेंढ्या हायेत. पण मत हाये. खाली वाकला, मिशीवरून हात फिरवला, म्हणाला, ‘भाऊ, एक ध्यानात ठिवा, धुऊ नका. मळ बसलाय म्हणून तेवढं तरी अडलंय.’ आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत तेच मत, परत चहा.

मग पडेगावहून संघपाल मिस्त्रीला आणलं. पोरगा नाय हं तो, चांगला पन्नाशीचा माणूस, कान लावून इंजिन ऐकणारा. म्हणाला, ‘काका, शाफ्टचं डावीकडचं सील गेलंय.’ सील म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी. गेलो शहरात, पार्टच्या दुकानात. दुकानदार माझ्याकडं असा बघतो, जसं काय मी निजामाच्या बग्गीचं चाक मागितलंय. ‘चचा, इस मॉडल का सील? ये तो मेरे अब्बा बेचते थे.’ तरी माळ्यावर चढला बिचारा, डबा काढला, धूळ फुंकली, दिलं. बसवलं. डावीकडं कोरडं ठाक. मी म्हणलं, जिंकलो. तर उजवीकडून सुरू. उजवीकडचं बदललं. कोरडं. मी परत म्हणलं, जिंकलो. तर तेल बघायची जी दांडी असती वर, ती टप्पकन उडाली आणि तिथून तेल. आता तुम्हीच सांगा, डावीकडं अडवलं तर उजवीकडून, उजवीकडं अडवलं तर वरून... ते तेल येतंय कुठून?

शुक्रवार उजाडला. संघपाल म्हणाला, ‘काका, अंदाज बस झाले. डिझेलनं धुवा, फडक्यानं कोरडं करा आणि पावडर मारा. जिथं ओलं व्हईल तिथं चोर.’ पावडर कसली? तोंडाची. गेलो घरात, द्वारकाबाईचा डबा हळूच उचलला. मागून आवाज, ‘कुठं निघाली सवारी?’ म्हणलं, ट्रॅक्टरला लावायचीय. ‘मला मागच्या वर्षी डबा आणायला सांगितला तर म्हणाले, ह्या वयात कशाला. ट्रॅक्टरचं वय काय हो?’ डबा काखेत मारून बाहेर आलो.

पावडर मारली, ट्रॅक्टर चालू केलं, पांढरंशुभ्र बसलंय नवरदेवासारखं... आणि पाचव्या मिनिटाला बघतो तर डावीकडं ओलं, उजवीकडं ओलं, वर ओलं, सगळीकडं एकदम. संघपालनं डोकं खाजवलं. ‘काका, सगळीकडून येतंय म्हणजे आतून कोणीतरी ढकलतंय. डबा तापला की हवा फुगती, तिला बाहेर जायला वर एक बारीक भोक असतं, त्यावर टोपी असती. तेवढं बंद झालं की हवा तेलाला ढकलती, तेल सीलला ढकलतं. टोपी कुठंय हो ह्याची?’

तुम्हाला सांगतो, मी फडकं घेऊन उगाच डबा पुसायला लागलो. कारण मला माहीत व्हतं टोपी कुठंय. टोपी कवाच तुटली व्हती. महिन्यापूर्वी ट्रॅक्टर धुतलं तर त्या भोकातून पाणी आत गेलं, तेल पार दुधासारखं झालं. ते बदललं, आणि परत पाणी जाऊ नये म्हणून मी त्या भोकावर एम-सील, ते भोकं बुजवायचं लुकण, मळून लावलं. मी. बावीस वर्षं हायड्रॉलिकवाला. नुसतं लावलं नाय, अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलं. माझ्या अंगठ्याचा ठसा हाये हो त्याच्यावर.

संघपालला म्हणलं, तुम्ही आत जाऊन चहा पिऊन या. तो वळला की त्या एम-सीलमधी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. फुस्स करून एवढी हवा निघाली, मलाच सुटल्यासारखं झालं. संघपाल आल्यावर त्याच्या पेटीतली नवी टोपी भोकावर बसवली, आणि तेल बंद. एक थेंब नाय. द्वारकाबाईनं विचारलं काय व्हतं, तर म्हणलं, ‘सीलच जुनी व्हती.’ ती म्हणाली, ‘बरं झालं. राहू द्या मग ट्रॅक्टर.’

इथं थांबायला पायजे व्हतं ना मी? पण रविवारी रामहरी पाटील आलेच. त्यांना ‘येऊ नका’ म्हणून कळवायचं राहून गेलं. द्वारकाबाई म्हणाली, ‘एवढ्या लांबून आले, बघू द्या की, किंमत तर कळंल.’ किंमत हा शब्द ऐकला आणि माझा धीर सुटला. ते चहा पीत व्हते तवर मी मागं गेलो आणि तेलाच्या पायपाचा नट अर्धा आटा ढिला केला. म्हणलं, गळताना बघतील अन् आल्या वाटंनं जातील.

पाटलांनी ट्रॅक्टर चालू केलं, नांगर उचलला, खाली वाकले. ‘गळतंय,’ म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, ‘म्हणजे आत तेल हाये. मी तीन बघितली, तिन्ही चकाचक कोरडी, आत थेंब नाय. हे खरं ट्रॅक्टर हाये. घेतो.’ आणि तिकडून द्वारकाबाई, ‘परत गळाया लागलं? पाटील, आत्ताच घेऊन जावा.’

आता काय करता? पाटील चावीला हात घालतायत. म्हणलं, थांबा... ते... नट मी ढिला केलाय. द्वारकाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘मग ते पहिलं?’

म्हणलं, ‘ते पण मीच.’

पाटील हसून हसून गट्टूवर बसले. द्वारकाबाई हसली नाय. म्हणाली, ‘पाटील, माफ करा, ट्रॅक्टर विकायचं नाय. त्याच्यात काय खोट नाय.’ आणि माझी पान्यांची पेटी उचलून तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

ट्रॅक्टर राहिलं, मी खूश हाये, खोटं कशाला बोलू. फक्त काल सीटखालचा एक नट खडखडाया लागला. गेलो, म्हणलं, जरा तेरा नंबरचा पाना द्या. तर विचारते, कुठं लावणार, कशाला लावणार, किती आटे फिरवणार? सगळं सांगितलं. उभा राहून सांगितलं. ऐकून घेतलं तिनं आणि म्हणाली, ‘बरं. संघपालला विचारून सांगते.’