चार वाजताची थरथर

—नाही नाही, वायर एवढ्यात काढू नका, आधी माझं ऐका, मग काय काढायचं ते काढा. माझी अक्कल सोडून. ती काढायला आमच्या घरात स्वतंत्र माणूस आहे — आत बसलंय, शेंगा सोलतंय — म्हणून जरा हळू बोला. कान असे आहेत तिचे, की शेजारी टाचणी पडली तर इथून सांगेल, डोक्यावर पडली की टोकावर. बसा. अहो, त्या खुर्चीवर नको! तिचा एक पाय मी कापून आखूड केलाय, मेहुण्यासाठी. तो येतो, बसतो, डुगडुगतो, आणि मग तासभर स्वतःचं वजन कसं वाढलं ते सांगत बसतो. स्टुलावर बसा, स्टूल सज्जन आहे.

तर काय म्हणत होतो — पडद्याचे इफेक्ट बंद करून बघितलेत ना तुम्ही? बघितलेत. आणि तरी रेघा वाकड्या? वाकड्याच. मी सांगितलं होतं. हे कॉम्प्युटरचं मशीन जुनं. भाचीनं त्यात लिनक्स घालून दिलं, म्हणाली, मामा, आता बघा कसं पळतं ते. पळतंय कसलं, मी तर त्याला नाचवतो! मी सातवी नापास माणूस, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या — दोरी न लावता सरळ रेघ मारायचो, वीस फूट, एका दमात, खाली चार माणसं मान वर करून बघत उभी — पण त्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, आणि समोरचा मुकाट्यानं ऐकतो! एवढ्या वर्षांच्या संसारात असं माझं कोणी ऐकलं होतं? नाव नको. मग लागलं व्यसन. पहिल्यांदा काय केलं, पडद्याचाच फोटो काढला, तोच मागे चित्र म्हणून लावला आणि खरी चिन्हं लपवली. ही आली, दाबतेय, दाबतेय — फोटोवर दाबून काय होणार, कपाळ? शेवटी माऊसला म्हणाली, ‘मेल्या, तुलाही यांचं वारं लागलं का?’ मी पेपराआड. पेपर उलटा धरला होता, त्यावरून पकडला गेलो.

हसा, हसा. पण ही पुढची गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू दे हां. ही विणकामाचे नमुने काढते त्याच्यावर. अख्खा पडदाभर चौकटी, एक चौकट म्हणजे एक टाका, त्या मोजायच्या आणि सुया चालवायच्या. भाचीला बाळ व्हायचंय, त्याचं स्वेटर चाललं होतं. बदकं आहेत त्यावर, रांगेनं. आणि ही बसते बरोब्बर चारला. मग मी एक ओळ शिकलो — पडदा केसभर तिरका ताणायचा, अडीच सेकंदांत परत जागेवर — आणि मशीनला सांगून ठेवलं, रोज चार वाजून दहा मिनिटांनी. बास! पहिल्या दिवशी हिनं चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी पडदा पुसला. माझ्या पोटात असं हसू दाटलंय, की पाणी पिण्याच्या निमित्तानं आत पळालो आणि प्यायलो ते सगळं नाकातून. तिसऱ्या दिवशी...

तिसऱ्या दिवशी बघतो तर एका बदकाला तीन पाय झाले होते. तिनं ते सगळं उसवलं, लोकर गुंडाळली, सुया पिशवीत घातल्या आणि पिशवी त्या कपाटावर — दिसली? — तिथे ठेवून दिली. म्हणाली, ‘अहो, ऑपरेशन वाया गेलं बहुतेक माझं. मला रेघा हललेल्या दिसतात.’ गेल्याच वर्षी दोन्ही डोळ्यांचं झालंय. मी काय केलं? सांगणार होतो. शप्पथ, सांगणारच होतो! पण तोंडातून निघालं काय — ‘वय झालं तुझं.’ जीभ ही अशी. एकदा गंमतीच्या रुळावर गेली की उतरतच नाही. त्याच रात्री ती ओळ पुसून टाकली मी. पण पिशवी काही खाली येईना.

म्हणून तुम्हाला बोलावलं हो! तुम्ही फक्त आत जाऊन म्हणायचं — ‘वहिनी, तुमच्या डोळ्यांना काही झालं नाही, मशीनचा दोष होता, मी काढला.’ एवढंच. तुमच्या तोंडावर ते खरं दिसेल, माझ्या तोंडावर कुठलंच खरं दिसत नाही. आणि खोटंही नाही त्यात फारसं! ओळ पुसली तरी रेघा वाकड्याच आहेत ना? मी म्हटलं, आपण काहीतरी मुळातच बिघडवलं. भूत सोडलं ते आता बाटलीत जाईना. पडद्याच्या मधोमध चौकटी अशा फुगतात, कढईत उलथनं बुडल्यावर वाकडं दिसावं ना, तशा. तिला विचारलं, तर म्हणते, आता सरळ दिसतंय सगळं. माझं मन राखते, झालं. सरळ दिसतंय तर वीण की! नाही म्हणते, आज सरळ, उद्या वाकडं, बाळाच्या अंगावर मी तीन पायांचं बदक घालणार नाही.

काय करताय? फोटो काढलात पडद्याचा, मशीनच्या आतूनच. माझीच युक्ती मला! आणि आता तो स्वतःच्या मोबाइलवर... हां, म्हणजे फोटोत वाकडं असेल तर दोष आतला, सरळ असेल तर पडद्याचा, असं का? हुशार आहात. द्या इकडे. — अरारारा! तुमचाही बिघडला की हो! तशाच चौकटी, तश्शाच फुगलेल्या! संसर्गजन्य आहे हे, साहेब, हात धुऊन घ्या, घरी पोरांजवळ जाऊ नका...

असे बघताय काय? तुम्हाला सरळ दिसतंय? सगळंच? पडद्यावरही? आल्यापासून? मग इतका वेळ माना कशाला हलवत होतात?

डोळा झाकू? कुठला? हा घ्या झाकला डावा. वाकडं. आता उजवा.

सरळ.

परत डावा... थांबा, ती दाराची चौकट बघतो. ते दार मीच रंगवलंय. सरळ आहे ते, मी ओळंबा लावून... अहो, मधे पोट आलंय त्याला.

अहाहा. म्हणजे दोन आठवडे मी माझ्याच डोळ्याला मशीन समजून शिव्या घालतोय, आणि तुमच्यासारखा शहाणा माणूस वायर काढायला निघतोय! काय गंमत केली कोणीतरी. माझ्या वरची गंमत. मी एवढी चांगली कधी केली नव्हती, मानलं बुवा.

नाही, तुम्ही आत जाऊ नका आता. ते वाक्य राहू दे. मशीनचा दोष नव्हता, तर कशाला खोटं बोलायचं तुम्ही. उठा, पिशवी तेवढी काढून द्या कपाटावरून, माझा अंदाज आता... हां, ठेवा टेबलावर. सुया आहेत ना आत? बरं.

अगं ए! शेंगा राहू दे, चपला घाल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. — नाही गं, तुला नाही. तुझे ठणठणीत आहेत, पहिल्यापासून होते. मला. थट्टा नाही. रस्त्यात सांगतो सगळं, चार वाजून दहा मिनिटांपासून सांगतो, तिथेच मार मला, लोक सोडवतील. पण जाताना हात धर.

तुम्ही काय उभे राहिलात? झालं तुमचं काम. दार ओढून घ्या. आणि जरा सरळ ओढा.