शेवटच्या कडव्यातलं नाव

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे सगळे मानकरी, घोडेगावकर मंडळी, डोंगरातून दुपारच्या एसटीनं आलेले आहुप्याचे पाहुणे, आणि पुढं सतरंजीवर बसलेली आमची अवसरीची भावकी, सगळ्यांना सारजाबाईचा नमस्कार. एवढं सुनीलनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय. सुनील माझा मुलगा, आणि आज गाणारी मोहिनी त्याची बायको, म्हणजे माझी सून. पुढचं पाठ नाही. मला अक्षर येत नाही, त्यामुळं हातात कागद दिला तरी जिभेला त्याचा धाक नाही.

मला सांगितलं होतं, मध्यंतरात सुनेला शाल-नारळ द्या आणि दोन शब्द बोला. नारळ टेबलावर आहे. शाल माझ्या हातात आहे. सत्कार जिचा, ती पडद्यामागं बसून आहे. का, ते पुढच्यांना माहीत आहे. मागचेही लांबून आलेत, त्यांना अंधारात कशाला ठेवायचं?

आजचा कार्यक्रम गॅसबत्तीच्या काळातल्या गाणाऱ्यांचा. स्वतः रचायचं आणि स्वतः गायचं, असली माणसं ती. मोहिनी एकटीच गाते याचं मला नवल वाटतं. सुनीलच्या वडलांना मागं सूर धरायला चार झीलकरी लागायचे, आणि ते चौघं जेवायला आमच्याच घरी. मोहिनीकडं तंबोऱ्याचा एक डबा आहे. बटण दाबलं की सूर धरतो, आणि भाकरी मागत नाही. सून गुणाची आहे, पण तो डबा जास्त गुणाचा.

तर त्या काळी गाणं कागदावर नसायचं. या तोंडातून त्या तोंडात, गावोगाव जायचं. म्हणून करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा. त्याला छाप म्हणायचे. जनावराला जशी डागाची खूण, तशी. कुणी कुठंही हाकून नेलं तरी मालक कळतो.

मोहिनीनं मघाशी प्रयागबाईचं गाणं म्हटलं, छापेसकट. सोमाजीबुवांचं म्हटलं, छापेसकट. बुवा आहुप्याहून स्वतः आलेत, ते बघा, काठी धरून बसलेत. आपलं नाव ऐकल्यावर त्यांनी पटका सारखा केला, तो मी पाहिला. मग तिनं सासऱ्यांचं गाणं धरलं. अशी रंगली की माझी मान आपोआप हलायला लागली. आणि शेवटच्या कडव्यापाशी पेटी थांबली. पडदा पडला.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सोमाजीबुवा मात्र काठी टेकत उभे राहिले, "पोरी, छाप कुठंय? गाणं बिनमुंडक्याचं का ठिवलंस?"

छाप कुठं राहिली ते सांगते. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. गाण्यातसुद्धा नाही. कार्यक्रम ठरला तेव्हाच आमच्या गेणू भावजींनी मोहिनीला तसं बजावलं. भावजी म्हणजे सुनीलच्या वडलांचे धाकटे भाऊ, त्यांच्या मागं उभं राहून जन्मभर झील धरलेले. मोहिनी तेव्हा "बरं" म्हणाली. पण बुवांनी भर सभेत विचारल्यावर ते "बरं" तिच्या घशातून उतरेना. आतापर्यंत सासऱ्यांचं एकच गाणं झालं, आणि पुढचा सगळा भाग त्यांच्याच गाण्यांचा.

चहाच्या टेबलापाशी भावजी मला म्हणाले, "वैनी, दादाचं नाव सुनंच्या तोंडी, ते पण माईकवर? गावात तोंड कसं दावायचं आमी? तिनं नाव घेतलं की आमी उठलो."

मी म्हटलं, "भावजी, गुडघे उठू देतात का तुमचे?"

ते हसले नाहीत. एरवी हसतात. मंडळी, भावकीनं दाराशी काढलेल्या चपला आता प्रत्येकाच्या मांडीखाली आहेत, बघून घ्या.

मग मी पडद्यामागं गेले. मोहिनी पेटीचा भाता बंद करून बसली होती. म्हणाली, "आत्या, एक तर मामंजींची छाप घालीन, न्हाई तर पडदा उघडू नका. परत परत त्यांचं नाव कापायचं माज्याच्यानं व्हनार न्हाई."

सुनील मध्ये उभा. बायकोकडं बघतो, चुलत्याकडं बघतो. बापासारखा आवाज नाही मिळाला पोराला, आणि आज होता तोही गेला.

आता मला सांगा, कोण चुकलं? भावजी? त्यांनी भावाच्या मागं उभं राहून गळा फोडला, त्यांना भावाचा मान नको? की सून?

गेल्या वर्षी हेच गाणं मोहिनीनं एका कॅसेटसाठी गायलं होतं. तेव्हाही छाप गाळून, सुनेची रीत पाळून. कॅसेट घरी आली. मी म्हटलं, "सुनील, वर कुणाचं नाव हाय?" तो वाचून म्हणाला, "आई, पारंपरिक लिवलंय."

मी म्हटलं, "ह्यो कोन पावणा? कुठल्या गावचा?"

मोहिनीनं समजावलं, की गाणं कुणी केलं ते माहीत नसलं म्हणजे तसं लिहितात. माहीत नसलं? माझ्या चुलीपुढं बसून, पीठ मळायच्या परातीवर ठेका धरून केलेलं गाणं. माझी भाकरी करपली होती त्यापायी. कॅसेट आली त्या रात्री सगळे जेवले, मी जेवले नाही. भावजी, तुम्हीही तेव्हा गप्प होता. आठवतंय ना?

मीसुद्धा कधी नाव घेतलं नाही. रेशनच्या हापिसात कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मी कडेवरच्या सुनीलकडं बोट केलं, "ह्याला इचारा." तो तेव्हा धड बोलत नव्हता. कार्डावर काय चढलं देव जाणे, साखर मात्र मिळाली. भजनात देवाच्या रंगाचा तो शब्द आला की मी नुसता टाळ वाजवायची, आणि बाया कोपरानं ढोसायच्या. ते गेले तेव्हाही रडले, पण नाव घेऊन रडले नाही.

मंडळी, जरा शांत. भावजी, उठायचं तर आत्ता उठा. सुनेवर राग नको, कारण सून अजून पडद्याआड आहे. आधी मी म्हणते. मला गाता येत नाही, नुसतं बोलते.

सावळेराम म्हणे अवसरीचा,
सूर नव्हं माझा, घोड नदीचा.

झालं. जीभ जागेवर आहे.

भावजी उभे राहिले. भावकीतल्या संपतनं त्यांचा हात धरलाय. संपत, सोड, जाऊ दे. भावजी, दार तिकडं आहे. इकडं पायऱ्या आहेत. इकडं येताय? या. जपून, वायरी पडल्यात. चपला खाली ठेवून या, व्यासपीठ आहे. सुनील, चुलत्याला माईक दे. आज झील धरायला डबा नको.

मोहिनी, ऐकलंस ना? सासूनं आधी घेतलंय आणि चुलतसासरे मागं उभे आहेत. भाता उघड. शाल मी गाणं संपल्यावर देईन, शेवटच्या कडव्यानंतर, आधी नाही.

अध्यक्ष महाराज, दोन शब्द सांगितले होते, जास्त झाले. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात वेडंवाकडं गेलं असेल तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. सावळेरामांची माफी मी घरी गेल्यावर मागेन. पुन्हा नाव घेऊनच मागेन.

पडदा उघडा.