हळदीच्या बोटाचं पाकीट

हॅलो?... हॅलो, कोण?... शाल्मली? बोल ना... नाई गं, ताप उतरला, पण अंगात जीव नाई. दिपाली आज येत नाई म्हणून सांग सरले... हो, हो... मंग कायले फोन केला? जेवणाची सुट्टी झाली का?

कोण बसली?... रिटर्नच्या टेबलावर? भागीरथावहिनी? तिले कोणी बसवलं तिथं! पियूष सरले मी शंभरदा सांगतलं, तिले परत आलेल्या मालावर बसवू नका... हो, समजलं, माह्या जागेवर. आग लागो माह्या तापाले.

काय सोलून राह्यली?... लेबलं? एकाच पाकिटाची?... थांब. थांब, शाल्मली. केवढं हाये पाकीट?... आगपेटीएवढं. आत काय हाये, सोललेल्या लेबलावर पाह्य ना...

जोडवी.

अरे देवा.

...हाये, हाये मी. खाली बसली. ऐक ना, किती लेबलं निघाली?... दोन? मंग दोनच राह्यली. तिच्या हातातून घे ते. सर मागतात म्हण, काही बी सांग!... देत नाई?... नको, ओढू नको तू. फाटन.

काहून म्हणजे? तू दिवाळीनंतर आली, तुले काय माहीत. अवधूतभाऊ, तिचा नवरा, केळापूरचा. भादव्यात लोकाच्या कपाशीवर फवारायले जायचा. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेलती ना, सारा फवारा माणसाच्या तोंडावर. अळी मरेना म्हणून दोन-दोन औषधं मिसळून मारत होते... हो गं, तवाच. किती जणं गेले, पेपरात आलतं. हा घरी आला तं डोळ्याले दिसेना. यवतमाळले नेलं. चार दिवस होता. चारही दिवस एकच विचारे, "आलं का?" वहिनी म्हणे, काय आलं का? ते सांगे नाई. डॉक्टर म्हणे, बरळून राह्यला, ध्यान नका देऊ. जीव गेला तोही तेच विचारता विचारता.

तवापासून ती बाई अशी झाली. तू पाह्यलं नाई का, कोणी "आलं" म्हणलं की काम सोडून उभी राह्यते? मले म्हणे, दिपाली, भाकर थापताना बी कानाशी तोच आवाज, "आलं का?" काय यायचं होतं तेवढं समजलं तं तो विचारनं बंद करन म्हणे.

...हो. मले माहीत होतं काय यायचं होतं.

रडून नाई राह्यली मी. सर्दी हाये. तू तिच्याकडे पाह्य... तिसरं निघालं?

अगं, आषाढात निंदताना तिच्या एका पायाचं जोडवं चिखलात गेलं. यानं गुपचूप मोबाइलवर, आपलं गोदाम ज्या साइटचा माल पाठवते तिथूनच नवा जोड मागवला. अन् लेबल कोणी लावलं? तिनंच! दिवसाले हजार पाकिटं, नाव कोण वाचत बसते. कापसाच्या पह्यल्या वेच्याले बाया शेतात दहीभात अन् हळद वाहून सीतादही करतात ना, तसं ती रोज दिवसाच्या पह्यल्या पाकिटाले हळदीचं बोट लावते. सर किती चिडतात, रेघांवर हळद लागली तं मशीन वाचत नाई म्हणून. पण ऐकते थोडी! ते त्या दिवसाचं पह्यलं पाकीट होतं, बाई. घरी पोचलं तं दाराले कुलूप. सारे दवाखान्यात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माह्या टेबलावर परत आलं. पाकीट एवढंसं, पत्ता अन् बारकोड एकाच अंगावर. नाव वाचलं, हळदीचं बोट पाह्यलं, अन् पाकीट पालथं ठेवलं. जिच्या पायातली जोडवी आताच उतरवली, तिच्या हातात नवी कशी देऊ? सांग ना तू, देता आली असती तुले?

जुनं लेबल सोलायचं, मंग नवं लावायचं, असा नियम हाये. माह्यानं त्याचं नाव सोलवलं नाई. वरूनच लावलं नवं, अन् ठेवलं रॅकवर. म्हणलं, जाईन कुठी लांब. गेलं बी नागपूरले. परत आलं, सैल होते म्हणे. मंग अकोल्याले, परत. मंग फुलसावंगीले. तिथली बाई म्हणे, मी मागवलंच नाई. अन् दरवेळी माह्याच टेबलावर, शाल्मली! मी वरून लावत गेली, ते परत येत गेलं. ते घराचाच रस्ता शोधून राह्यलं होतं अन् मी त्याले हाकलून राह्यली होती.

...काय? लेबलाले कापूस चिकटला? चिकटनच, गोदाम जुन्या जिनिंगच्या, सरकी काढायच्या शेडातच हाये ना. जिनिंग बंद पडली तरी कापूस सुटते का त्याचा? तू ते सोड, ती काय करून राह्यली ते सांग...

पिवळं दिसलं?

...थांबली?... नावावर बोट ठेवून?... रडून राह्यली का? नाई?... मंग काय करून राह्यली?... हसून?

माह्यं नाव कोणी सांगतलं तिले?... हो, प्रत्येक लेबलावर माह्या टेबलाचा नंबर असते. असते ना. विसरलीच मी... फोन मागते? नको. शाल्मली, नको देऊ, मी झोपली म्हण... ऐक ना...

...दे. दे तिले.

वहिनी... हो, मीच. तिन्ही बार मीच लावलं... काहून नाई सांगतलं? तुमच्या पायाकडे पाह्यलं मी तेराव्याले, हिंमतच झाली नाई. मले वाटलं, तुमचं दुःख वाचवून राह्यली... शिव्या द्या मले, वहिनी.

...हो, ऐकून राह्यली... आत्ता? तिथं? तुमच्या कानाशी?... काय म्हणते?... तेच?

मी सांगू?... तुम्ही सांगा ना, तुमचा माणूस हाये... हो. हो, बरोबर हाये. लपवलं मी, तं सांगायचं बी मीच. धरा. धरा फोन त्याच्या बाजूनं.

...अवधूतभाऊ? मी दिपाली जी. गोदामातली... आलं. भादव्यातच आलतं जी. मीच नाई देल्लं.

...वहिनी? धरला होता ना नीट?... अजून विचारते का?... वहिनी?... हॅलो?... हॅलो?